माळवदावर कुणी चढलं नाही

‘आक्का, तुमची एक सही लागती,’ असा धाकट्या चुलतभावाचा मेसेज आला आणि पाठोपाठ एका कागदाचा फोटो. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. मालकाच्या रकान्यात माझे वडील आणि तात्या, म्हणजे माझे चुलते. दोघंही आता नाहीत. मालमत्तेच्या वर्णनात कुणीतरी निळ्या पेननं लिहिलं होतं, ‘दगड-मातीचे माळवद, पडीक’. पुढं लांबी, रुंदी आणि घरपट्टी.

पडीक हा शब्द मी आजवर रानाबद्दलच ऐकला होता. ज्या रानात कुणी तिफण घातली नाही ते पडीक. घर पडीक म्हणजे पडलेलं, का नुसतंच न कसलेलं, हे त्या रकान्यावरून कळेना.

सही हक्कसोडपत्रावर हवी होती. घरकुलाच्या यादीत भावाचं नाव लागलं होतं आणि त्यासाठी जागा त्याच्या एकट्याच्या नावावर पाहिजे होती. हैदराबादला असलेल्या माझ्या सख्ख्या भावानं फोनवरच हो म्हणून टाकलं होतं. राहिले मी. 2005 साली कायदा बदलला आणि वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतका वाटा मिळाला. आमच्या भागात त्याचा मुख्य परिणाम असा झाला, की पूर्वी बहिणीला न विचारता जे व्हायचं, ते आता तिला गाडीभाडं देऊन, रजिस्ट्री ऑफिसात बसवून, वर साडीचोळी करून होतं. मला ती जागा नको होती. तिथं मी राहायला जाणार नव्हते, आणि ज्यानं आजीचं शेवटचं सगळं केलं त्याच्याकडे पैसे मागण्याइतकी मी कोडगी नाही. पण कुणी गृहीत धरलं, की मन उगाच अडून बसतं. म्हटलं, सही करीन, आधी घर बघीन.

‘मग येळवसालाच या की,’ तो म्हणाला. ‘रानात जेवू, दुसऱ्या दिवशी तुळजापूरला जाऊन उरकू. येळवसाला तर हापिसात कुत्रंबी नसतंय.’

येळवस म्हणजे वेळ अमावास्या, आमच्याकडचा रानात जेवायचा सण. मी अकरा वर्षांनी चालले होते.

सोलापूर सोडून हैदराबादच्या रस्त्याला लागलं, की पाऊण तासात नळदुर्ग येतं. लहानपणी याच अंतराला लाल गाडीला दीड तास लागायचा आणि किल्ला दिसेपर्यंत मला दोनदा ओकारी व्हायची. बोरी नदीला अडवून बसलेला किल्ला, त्याच्या पोटातला पाणीमहाल, पावसाळ्यात नर-मादी धबधब्यांचे लोट. लोक हे बघायला लांबून येतात. आमच्या लेखी किल्ल्याचा अर्थ एवढाच, की आता पिशव्या हातात घ्या, उतरायचंय. गावाचं नाव सांगून काही उपयोग नाही. नळदुर्ग आणि अणदूरच्या मधे, हमरस्ता सोडून आत सहा किलोमीटर, एवढं पुरे.

ज्यांनी आमच्याकडचं घर बघितलेलं नाही त्यांना ते सांगावं लागतं. पुण्यात मी नुसतं ‘गावाकडचं घर’ म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर उतरतं कौलारू छप्पर, अंगणात माड आणि मागं विहीर येते. गावाकडचं घर म्हणजे कोकणातलंच, असं का कोण जाणे, पण ठरून गेलंय. आमच्याकडे कौल नाही आणि छपराला उतारही नाही. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, मातीत रचलेल्या. बाहेरच्या बाजूला खिडकी नाहीच. आत लाकडी खांब, प्रत्येक खांब एका घडीव दगडी उथळ्यावर उभा. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या किलच्या, त्यावर लिंबाचा पाला आणि तुराट्यांचा थर, आणि त्यावर माती. दीड-दोन फूट माती. ते माळवद. चार खांबांमधली जागा म्हणजे एक खण, आणि घर किती मोठं हे फुटांत कुणी सांगत नसे. ‘अकरा खणांचं घर हाय,’ असं मुलगी द्यायला आलेल्यांना सांगायचे. आमचं अकरा खणांचं होतं. म्हणजे फार मोठं नाही. सोळा-वीस खणांचेही वाडे गावात होते. पण आजी ‘अकरा’ अशा काही आवाजात म्हणायची, की त्यापुढं वीसवाला गप्प व्हावा.

खिडकी नाही, मग उजेड कुठून? वरून. माळवदाला ठिकठिकाणी टोपल्याएवढी भोकं ठेवलेली असत. आम्ही त्याला सवणं म्हणतो, काही गावांत साणं म्हणतात. सकाळी दहाच्या सुमाराला मधल्या घरातल्या सवण्यातून उन्हाचा एक खांब तिरपा उतरायचा आणि उतरंडीच्या पायाशी भाकरीएवढा कवडसा पडायचा. मग तो सारवलेल्या भुईवरून सरकत जात्यापाशी यायचा. जात्यावर आला की आजोबांची जेवायची वेळ. घरात घड्याळ होतं, भिंतीवरचं, टोल्यांचं. पण आजीचा त्याच्यावर विश्वास नव्हता, कारण त्याला चावी द्यावी लागते. त्या उन्हाच्या खांबात धूळ तरंगताना दिसायची आणि मी त्यात हात घालून बसायचे. पाऊस आला, की कुणीतरी वर पळत जाऊन सवण्यावर घमेलं पालथं घालायचं. अचानक रात्र व्हायची. घमेल्यावर थेंब वाजायचे आणि खाली सगळे एकमेकांना हाकांवरून ओळखायचे.

आणि बळद. दोन भिंतींच्या मधे ठेवलेली धान्याची पोकळी, वरून भरायची आणि खालच्या भोकातून काढायची. ज्वारी भरून वर लिंबाचा पाला टाकून तोंड लिंपून टाकत. उन्हाळ्याच्या शेवटी धान्य तळाला गेलं, की खालच्या भोकातून येईनासं व्हायचं. कोपऱ्यात अडकून राहायचं. मग घरातलं सगळ्यात बारकं पोर काखेत धरून वरून आत सोडायचे. दोन उन्हाळे ते बारकं पोर मी होते. आत उतरलं, की पाय ज्वारीत घोट्यापर्यंत रुतायचे. बाहेर बेचाळीस अंश ऊन आणि आत माठाच्या पोटात बसल्यासारखं गार. वास जुना, पिठूळ, किंचित कडू. मी हातानं ज्वारी भोकाकडं लोटायची आणि पलीकडून आजीचा हात आत येऊन ती ओढून घ्यायचा. फक्त हात दिसायचा, मनगटापर्यंत, हिरव्या बांगड्यांसकट. ‘हाय का अजून?’ आवाज भिंतीतून यायचा. ‘हाय, हाय,’ मी म्हणायची, संपलं तरी. वर काढू नये म्हणून.

याच बळदात आजीनं एकदा तिचे दागिने पुरले होते. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा. 1948 च्या सप्टेंबरात, 13 तारखेला, सोलापूरच्या बाजूनं भारतीय फौज हैदराबादेत शिरली ती नळदुर्गवरून. आजी नवी सून होती. दिंडीच्या, म्हणजे घराच्या मुख्य दाराला आतून अडसर घातलेला, दोन दिवस कुणी बाहेर पडलेलं नाही, लांबून हमरस्त्यावरचा धडधडाट येतोय आणि कुणाच्या गाड्या ते कळत नाही. सासूनं पुतळ्यांची माळ ज्वारीत खुपसायला लावली. पुढं सगळं शांत झालं, पण माळ काढायला बळद रिकामं होईस्तोवर थांबावं लागलं, म्हणजे थेट उन्हाळ्यापर्यंत. ‘सप्टेंबरात सोनं पेरलं आन् मे महिन्यात काढलं,’ असं ती सांगायची आणि दर वेळी स्वतःच हसायची. त्या भिंतींवर तिचा फार जीव होता. रझाकार येऊ शकले नाहीत, दरोडेखोर येऊ शकले नाहीत, ऊन येत नाही. भिंत कधी आपल्याच अंगावर येईल, हे तिच्या हिशेबात नव्हतं.

आता माळवदाची गोष्ट. माळवद हे एकदा बांधून मोकळं व्हायचं काम नाही. मृग लागायच्या आधी दरवर्षी वर माती टाकावी लागते. साधी माती चालत नाही. काळी तर मुळीच नाही, ती उन्हात भेगाळते. गावाजवळची जुनी पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची जागा असते तिथली खारी, चिकट माती गाढवावर किंवा बैलगाडीतून आणायची, दगडगोटे वेचायचे, त्यात भुसकट मिसळायचं, पसरायची, पाणी शिंपडायचं आणि चोपण्यानं चोपायची. चोपणं म्हणजे लाकडी बॅटच, बाभळीची, पण खाली चपटी आणि जड. आमच्या घरचं चोपणं आजोबांच्या वडिलांच्या वेळचं होतं. त्याची मूठ इतकी गुळगुळीत, की उन्हात चमकायची. उतार असा साधायचा, की पाणी बरोबर पन्हाळ्याकडं जाईल आणि तिथून गल्लीत पडेल, शेजाऱ्याच्या भिंतीवर नाही. यावरून आमची आणि शेजाऱ्यांची दर पावसाळ्याला भांडणं व्हायची आणि दसऱ्याला मिटायची.

पाऊस सुरू झाला, की माळवदावर गवत उगवतं. ते मुळासकट उपटावं लागतं, नाहीतर मुळांच्या वाटेनं पाणी आत उतरतं. हे पोरांचं काम. उंदराचं बीळ दिसलं, की राख आणि माती कालवून बुजवायची. गळायला लागलं, की पावसात पोतं डोक्यावर घेऊन कुणीतरी वर चढायचंच. ‘अगं, मधल्या घरात टिपकतंय’ असं आजी ओरडली, की तात्या ताटावरून उठून शिडी लावायचे. म्हणजे आमचं छप्पर म्हणजे रानाचाच एक तुकडा होता, दरवर्षी मशागत मागणारा. वर चढणं थांबलं, की संपलं.

यात एक गोम आहे, जी मला फार उशिरा कळली. दरवर्षी माती टाकायची, पण जुनी कुणी काढत नसे. आजोबांनी टाकली, त्यांच्या वडिलांनी टाकली, तात्यांनी टाकली. बोटभर, दोन बोटं. निगा राखायची म्हणजे भार वाढवायचा.

29 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशी. मी अकरा वर्षांची होते आणि आम्ही गणपतीसाठी गावाकडं होतो. विसर्जन करून, प्रसादाचं खाऊन, झोपायला उशीर झाला होता. मधल्या घरात आम्ही पाच पोरं ओळीनं. पहाटे मला जाग आली ती आवाजानं नाही, तोंडात माती गेल्यानं. वरून किलच्यांच्या फटींतून मातीची सर लागली होती, पावसाची लागते तशी. मग आवाज ऐकू आला. लोक सांगतात रेल्वेसारखा, ट्रकसारखा. मला तो जात्यासारखा वाटला, घराखाली कुणी अख्खं गाव दळायला घेतल्यासारखा. उतरंडीची गाडगी एकेक करून खाली आली. तात्यांनी दोन पोरं काखेत मारली, वडिलांनी मला दंडाला धरून ओढलं, आणि अडसर काढायला आजी आमच्या आधी दारात पोचली होती. तीन वाजून छपन्न मिनिटं झाली होती, हे नंतर पेपरात वाचलं.

गाव मारुतीच्या देवळापुढच्या मोकळ्या जागेत जमलं. उजाडल्यावर परत येऊन बघितलं, तर आमच्या मागच्या भिंतीची बाहेरची अर्धी जाडी ढिगारा होऊन गल्लीत पडलेली. आतली अर्धी तशीच उभी. तिच्यावर देवळीतला दिवासुद्धा जागेवर. आणि माळवद जिथल्या तिथं. गावात कुणी दगावलं नाही. दोघा-तिघांचे हातपाय मोडले, गुरं गेली.

मग रेडिओवर किल्लारीचं नाव आलं. आमच्यापासून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. किल्लारी, सास्तूर. माणसं विसर्जन करून आमच्यासारखीच झोपली होती, आमच्यासारख्याच घरांत. सरकारी आकडा जवळपास आठ हजारांचा आहे, लोक दहा हजार सांगतात. बावन्न गावं पुढं दुसऱ्या जागी वसवली. गावातल्या पोरांनी भाकऱ्या गोळा करून ट्रॅक्टर काढला, तात्या त्यातून गेले आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले. आंघोळ केली. जेवले नाहीत. आजीनं काय बघितलं विचारलं, तर म्हणाले, ‘माळवदं उपसली.’ एवढंच. त्याच रात्री त्यांनी सगळ्यांची अंथरुणं अंगणात टाकायला लावली, आणि त्या घरात पुन्हा कधी कुणी झोपलं नाही.

हे वाक्य मी सहज लिहिलं, पण ते तसं एका रात्रीत झालं नाही. आधी ‘धक्के थांबेस्तोवर’ असं ठरलं. धक्के कित्येक महिने येत राहिले. मग अंगणात पत्र्याचं शेड आलं. मग घरं दुरुस्त करायला सरकारी मदत मिळाली. खरं तर ती जुनं घर मजबूत करायला होती. माती कमी करा, खांब-तुळयांना तिरपे टेकू द्या, भिंतीच्या दोन्ही बाजू एकमेकींना बांधा, असं इंजिनिअर सांगून गेले. पण जुन्या घरावर पैसा घालायला कुणाचं मन धजेना. गावातल्या बहुतेकांनी केलं तेच आम्ही केलं: बाजूला सिमेंटची एक नवी खोली बांधली. आमच्याकडं तिला अजून ‘भूकंपाची खोली’च म्हणतात. ‘भूकंपाच्या खोलीतला पंखा लाव गं.’ ती उन्हाळ्यात भट्टी व्हायची आणि थंडीत बर्फ. माणसं तिथं झोपायची आणि पाच पावलांवर, अकरा खणांच्या गारव्यात, कडबा आणि शेळ्या.

काही वर्षांपूर्वी नवऱ्याच्या एका मित्राला मी घराचे जुने फोटो दाखवले. तो इमारतींच्या मजबुतीचंच काम करतो. एका फोटोवर तो थांबला, आतल्या खांबांच्या. म्हणाला, अशा भिंती म्हणजे खरं एक भिंत नसते, दोन असतात. बाहेरून एक दगडी रांग, आतून एक, मधे चिखल आणि कपच्या. दोन्हींना आरपार धरणारा लांब दगड मधेमधे घालायला हवा. बहुतेकांनी घातलेला नव्हता. म्हणून हादरलं, की दोन्ही अंगं सुटतात. ज्या घरांत माळवदाचा सगळा भार भिंतीवरच होता तिथं भिंतीमागोमाग दोन फूट माती खाली आली. तुमच्याकडं भार खांबांवर होता. भिंत पडली तरी ती नुसता आडोसा होती. अशी घरं त्या भागात होती, दगड आत पडून तिथंही माणसं गेली, पण छप्पर पुष्कळदा तोलून राहिलं. मग त्यानं सहज विचारलं, ‘मग आता कोण राहतं तिथं?’

मी ‘कुणी नाही’ म्हटलं आणि विषय बदलला. कारण खरं उत्तर असं होतं, की खांबांनी आम्हाला वाचवलं आणि आम्ही खांबांनाच घाबरलो. तात्यांना दोष देववत नाही. तीन दिवस लोकांच्या अंगावरची माळवदं उपसलेला माणूस कुठल्या खांबावर विश्वास ठेवील? पण घर पाडलं ते भूकंपानं नाही. 94 च्या मृगाला माती टाकली नाही. ‘आधीच भार, वर अजून कशाला?’ 95 ला गवत उपटलं नाही. पोरांना वर चढायची बंदी झाली. सवण्यावर पालथं घातलेलं घमेलं तसंच राहिलं, ते कधी सडलं कुणाला कळलं नाही. पावसाला वाट हवी असते, ती त्याला सापडली. माती भिजली, किलच्या कुजल्या, एका पावसाळ्यात मधलं घर बसलं. भूकंपानंतर बावीस वर्षांनी, एका साध्या भिज पावसात. मी शेवटची गेले होते त्याच्या पुढच्याच वर्षी.

तो पडलेला दिवस आजीनं बघितला नाही. तिला तेव्हा पावसाळाभर सोलापूरला आमच्याकडं आणायचो आणि दिवाळीनंतर गावाला सोडायचो. तिला ते मुळीच पटत नसे. आमच्या भागात खंडोबाची एक मूर्ती आणि दोन देवळं आहेत. देव वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. आम्ही आजीला त्याचा दाखला द्यायचो, देवालासुद्धा दोन घरं आहेत म्हणून. ती म्हणायची, ‘हायती की. पण त्याला न्यायला-आणायला सगळं गाव पालखी घिऊन येतंय. मला तुझा बाप यष्टीत कोंबतोय.’

येळवसाच्या आदल्या संध्याकाळी मी पोचले. ‘कवा आलाव, आक्का?’ म्हणत गल्लीतले चार जण जमले, चहा झाला, वहिनी दुसऱ्या दिवशीच्या भज्जीसाठी तुरीचे आणि वाटाण्याचे दाणे सोलत बसली होती. मी उठून दिंडीपाशी गेले. दार अजून होतं. अडसराचं भोकही. भिंतीतून ओढून काढायचा तो अडसर मात्र भिंतीत अडकून बसला होता, वाळवीनं खाल्लेला. ढाळजेत कडबा. सोप्याचे सहा खण उभे. त्यापुढं मातीचा डोंगर, त्यावर एरंड आणि घाणेरी, आणि त्या डोंगरातून वर आलेले चार खांब, डोक्यावर काहीही नसलेले. उथळ्यावरून एकही हललेला नव्हता.

डोंगर म्हणतेय तो अतिशयोक्तीनं नाही. तो छातीएवढा होता. इतकी माती आमच्या डोक्यावर होती आणि आम्ही तिच्याखाली पत्ते खेळायचो.

बळदाची भिंत शाबूत होती. भावाची सात वर्षांची मुलगी माझ्यामागं-मागं फिरत होती. मी तिला भोक दाखवलं, गोष्ट सांगितली. ‘मला सोड की आत,’ ती म्हणाली. विंचूकाटा असेल म्हणून मी नाही म्हणत होते, तेवढ्यात ती ढिगाऱ्यावरून चढून वरच्या तोंडापाशी पोचलीसुद्धा. मोबाइलचा उजेड पाडून बघितलं, तळ स्वच्छ होता, नुसती जाळी. काखेत धरून सोडली. मी वळसा घालून खालच्या भोकाशी आले. एक बारका हात बाहेर आला, मुठीत धूळ.

‘काय आहे गं?’

‘काय न्हाई. पण आत लई गार हाय, आत्या.’ आणि मग, बऱ्याच वेळानं, ‘येऊ नको काडायला.’

लाकूड विकलं गेलंय, हे भावानं रात्री जेवताना सांगितलं. सोलापूरचा एक व्यापारी येऊन घनफुटावर भाव करून गेला होता. खांब, हस्त, तुळया, दिंडीचं दार वेगळं. सागवान आहे, अजून शंभर वर्षं हलणार नाही म्हणाला. पुण्यात एका हॉटेलात मी असे खांब बघितलेत. उथळ्यांसकट आणून फरशीवर नुसते उभे केलेले, वर पीओपी. कशालाच आधार देत नव्हते. त्यांना मेणानं पॉलिश केलं होतं आणि शेजारी नऊवारीतल्या बाहुलीच्या हातात मेनूकार्ड. भावाला मी हे सांगितलं नाही. त्याचे पैसे घरकुलाच्या पायात जाणार होते, आणि त्याला पत्र्याखाली उन्हाळा काढून काढून कंटाळा आला होता. स्लॅबचं घर त्याला हवंय, फॅन लागणारं, वर चढावं न लागणारं. यात चूक काय आहे? मी स्वतः पुण्यात सातव्या मजल्यावर राहते. वरची गच्ची सोसायटीची आहे. ती दोन पावसाळे गळतेय, त्यावर तीन मीटिंगा झाल्या, आणि मीसुद्धा अजून एकदाही वर जाऊन बघितलेलं नाही.

येळवस झाली. रानात कोपी, पाच पांडवांची पूजा, बाजरीचे उंडे, भज्जी, मडक्यातलं आंबील. त्या जेवणावर वेगळं लिहायला हवं, इथं नको.

तिसऱ्या दिवशी पहाटे वहिनीनं आंघोळीला पाणी दिलं. भूकंपाच्या खोलीतल्या थंडीत ते पाणी अंगावर घेताना मी आतल्या आत हिशेब करत होते, साडीचोळीऐवजी काय मागावं याचा. उथळं जड, न्यायचं कसं. घड्याळ कधीच गेलं. मग आठवलं.

तुळजापूरच्या ऑफिसात दोन तास बसलो. साक्षीदार आले, फोटो झाले, अंगठे मशिनवर टेकवले. ‘राजीखुशीनं सोडताय ना? कुणाचा दबाव नाही?’ असं साहेबांनी वर न बघता विचारलं आणि मी हो म्हटलं. वर्णनात पुन्हा तेच होतं, पडीक. मला तो शब्द खोडून द्यावासा वाटला, पण त्याजागी काय लिहायचं ते सुचेना, आणि मागं रांग होती. देवीचं बाहेरूनच दर्शन घेऊन परत गावाकडं आलो, माझी बॅग घ्यायला.

वहिनीनं ओटी भरली. साडी चांगली होती, मोरपंखी. मी म्हटलं, ‘मला एक वस्तू पाहिजे होती. चोपणं आहे का गं कुठं? आजोबांचं?’

ती भावाकडं बघायला लागली. भाऊ तिच्याकडं.

‘ते व्हय,’ ती म्हणाली. ‘कडब्यात पडलं हुतं किती दिस. तुमी सांगायचं तरी आदी. आज पहाटं पाणी तापवाय सरपण न्हवतं, तवा चुलीत घातलं.’

‘बाभळीचं हुतं,’ भाऊ म्हणाला. ‘जळालं बी चांगलं.’

पाणी खरंच चांगलं कढत होतं.